दुधाच्या जीपमधून सोलापूर

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मी सोलापूर पाहिलं नव्हतं. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तो योग आला, तोही दुधाच्या कॅनांबरोबर. आमच्या जळकोटच्या सोसायटीचं दूध आमच्याच जीपनं सोलापूरला जायचं. जीप लिलावातली, मूळची पेट्रोलची. ह्यांनी तिला डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. बॅटरी मेलेली, त्यामुळं ती ढकलूनच सुरू व्हायची. बंद करायला चावी नव्हती. स्टिअरिंगखालची तार ओढली की डिझेल तुटून इंजिन गप्प व्हायचं. मग ती तार हातानं परत आत सारायची.

वाटेत जीपमधूनच नळदुर्गचा किल्ला डोळे भरून बघितला. अणदूरला झाडाखाली भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. पुढं गाडीतलं पाणी उकळलं.

"इंजिन चालू राहू दे, कशाला हात लावू नको," असं सांगून हे डबा घेऊन विहिरीकडं गेले.

रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या. बाभळीला झोळी टांगून तिच्यात लेकरू निजवलेलं होतं. एक म्हातारी उठून माझ्याकडं आली.

"अगं बाई, ते धुराडं बंद कर की. लेकरू खोकतंय."

वडीलधाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? मी तार ओढली.

हे आले आणि दचकले. "बंद पडली व्हय?"

मी मान हलवली. खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही.

ह्यांनी पाणी भरलं, डिझेलमध्ये हवा शिरली असेल म्हणून बॉनेट उघडं ठेवून नट ढिला केला, पंप मारला, हात काळे केले. ऊन चढत होतं. चारा विकत घेऊन, स्वतःच्या लेकरांच्या तोंडचं काढून गावातल्या बायकांनी ते दूध सोसायटीला घातलेलं. ते नासलं तर उद्या आमच्या दारात कोण कॅन आणणार? तेवढ्यात बाया आपण होऊन ढकलायला आल्या. दोनदा ढकललं, पण इंजिन धरेना.

"नळदुर्गहून मिस्त्री आणतो," हे म्हणाले. म्हणजे दूध गेलंच.

सगळ्या बाया बघत होत्या.

"अहो, तार मी ओढलीय. आत सारायची राहिलीय."

ह्यांनी बॉनेटमधून मान काढून माझ्याकडं बघितलं. म्हातारी पुढं झाली. "तिला कशाला बघताव? म्याच सांगितलं तिला. तुमी तरी तार बघितलीव का आधी?"

बाया फिदीफिदी हसल्या. ह्यांनी तार आत सारली. "ढकला गं," म्हातारी ओरडली. या खेपेला मीही उतरून खांदा लावला. जीप खोकली, धूर ओकली आणि सुरू झाली.

सोलापूरच्या दूध केंद्रावरच्या माणसानं एकेक झाकण उघडून वास घेतला, फाटतं का ते बघायला नळीत थोडं दूध उकळून पाहिलं. शेवटच्या कॅनशी थबकला.

"आणखी थोडा उशीर झाला असता, तर हे परत न्यायला लागलं असतं," म्हणाला आणि दूध ओतून घेतलं.

परत येताना कामावरून सुटलेल्या बाया रस्त्यानं चाललेल्या दिसल्या. हे काही बोलायच्या आधीच मी म्हणाले, "थांबवा." रिकाम्या कॅनांमध्ये दाटीवाटीनं बसून त्या अणदूरच्या वेशीपर्यंत आल्या. म्हातारी पुढं माझ्याजवळ बसली. "त्या परदेशी तांबड्या ज्वारीची, मिलोची भाकर दातानं तुटत न्हाय. तुझी जीप तिच्यापरीस बरी, ढकलली की हलती तरी," म्हणाली.

घरी जाऊबाईंनी विचारलं, "कसं आहे गं सोलापूर?" मला केंद्राची पांढरी भिंत सोडून काही सांगता येईना. त्या बाया भेटल्या ती बाभळ मात्र मी आजही बरोबर दाखवीन.