गढूळ पाण्याची फिर्याद

सोनूबाई गेल्याची बातमी त्यांच्या मुलाने, गौतमने, आमच्या कचेरीत येऊन सांगितली. गिरणीतली पाळी संपवून तो तसाच आला होता. "आई गेली, ताई. दम्यानं," एवढंच म्हणाला. मी पाटबंधारे खात्यातली टायपिस्ट. समोर मशीन, मशीनवर अर्धा झालेला कागद... त्याला आता पाच आठवडे झाले. रडू आलं आणि ओसरलं. राग ओसरत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी सोनूबाई पहिल्यांदा भेटल्या त्या याच कचेरीत. लालबागच्या चाळीत राहायच्या, गिरणीत रीळ खात्यात काम करायच्या. माहेर घाटावरचं. नुकतीच दीक्षा घेतलेल्यांची तेरा घरांची वस्ती, आणि वस्तीच्या डोक्यावर राणीच्या काळातलं मातीचं धरण. रजा टाकून त्या आल्या होत्या आणि पिशवीतून त्यांनी दोन बाटल्या काढून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. बांधाच्या पायथ्याशी जो पाझर आहे, त्याचंच पाणी दोन्हींत; एक गेल्या सालचं, एक आत्ताचं. पहिलं नितळ. दुसरीच्या तळाशी बोटभर गाळ. साहेब हसले. "बाई, मातीचं धरण म्हटलं की पाझर असायचाच." त्यावर सोनूबाई शांतपणे म्हणाल्या, "पाझर असतो, साहेब. त्यात माती नसते. त्याच पाण्यावर वाढले मी." साहेबांनी शिपायाकडून बाटल्या बाहेर ठेववल्या. पुढे आमच्याच एका तरुण ओव्हरसियरने मला खालच्या आवाजात सांगितलं, की बाई बोलल्या ते अक्षरशः खरं होतं. पाणी नितळ आहे तोवर काळजी नाही. गढूळ झालं की बांध आतून पोखरतोय असं समजायचं. हे त्याला माहीत होतं, साहेबांनाही माहीत असणारच. माहीत नव्हतं असं म्हणायला मी तयार नाही.

उत्तर निघायला वर्ष लागलं. ते इंग्रजीत होतं, आणि मीच टाइप केलं होतं. धरण सुस्थितीत आहे, तक्रारदाराने घबराट पसरवू नये. धरणावर कुणीही गेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं, कारण दौऱ्यांचे कागदही माझ्याच हातून जायचे. मला राहवेना. रविवारी पत्ता शोधत लालबागला गेले आणि त्यांच्या खोलीत बसून ते पत्र मराठीत वाचून दाखवलं.

"बघायला कोण गेलं होतं?"

"कुणी नाही."

"मग हे लिवलं कुणी?"

"टाइप मी केलं," मी म्हटलं. त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. "घ्या. हात तुमचे, तोंड त्यांचं." फणसवाडीत घरी परतल्यावर काकूने विचारलं, "चहाबिहा घेतलास की काय त्यांच्याकडे?" "दोन कप," मी सांगितलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सोनूबाई एकही मोर्चा चुकवत नसत. शिवाजी पार्कच्या सभेला आम्ही बरोबर गेलो. सभा सुटल्यावर त्यांनी एका कार्यकर्त्याला गाठलं आणि धरणाचं सांगितलं. "आधी राज्य तर येऊ दे, मावशी!" तो घाईघाईने म्हणाला. राज्य आलं. दिवे लागले, पेढे वाटले, मीही वाटले. आणि कचेरीत आम्हाला सांगण्यात आलं, की गुजरातच्या आणि आपल्या फायली वेगळ्या होईपर्यंत जुन्या तक्रारी काढू नका. घाटावरच्या धरणाचा गुजरातशी काय संबंध, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. मलाही नाही.

सोनूबाईंनी कुणाची वाट पाहिली नाही. त्याआधीच, उन्हाळ्यात, त्या गावी गेल्या होत्या आणि दारोदार फिरून त्यांनी तेराही घरं वरच्या गायरानावर हलवायला लावली. म्हातारे ऐकेनात, तेव्हा आधी स्वतःच्या भावाचं छप्पर उतरवलं. गावाने ओरड केली. सरकारी जमिनीवर अतिक्रमण केल्याची नोटीस सोनूबाईंच्या नावाने तीन आठवड्यांत आली. धरणाला वर्ष, नोटिशीला तीन आठवडे! वर ती स्वच्छ मराठीत.

त्या श्रावणात धरणाचं पाणी सोडायच्या मोरीजवळचा बांध खचला. जुनी वस्ती होती तिथे पुरुषभर गाळ साचला. माणूस एकही गेलं नाही, कारण तिथे माणूसच नव्हतं. आणि साहेबांनी मला मजकूर सांगितला, "खात्याने वेळीच घेतलेल्या दक्षतेमुळे जीवितहानी टळली." मी टाइप करताना सोनूबाईंच्या नावाचं एक वाक्य मध्ये घातलं. साहेबांनी लाल पेन्सिलीने ते खोडलं आणि कागद परत दिला. मी तो पुन्हा टाइप केला, त्या वाक्याशिवाय. हे लिहायची लाज वाटते, पण खोडलेलं त्यांचं, टाइप केलेलं माझं.

सोनूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या अंथरुणाला टेकल्या होत्या. छाती भात्यासारखी चालायची. "नाव काय करायचंय, ताई? गायरान तेवढं नावावर करा म्हणावं पोरांच्या." त्यांच्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

गेल्या आठवड्यात गौतमबरोबर मी त्यांच्या वस्तीवर गेले. जाण्याआधी, गायरान वस्तीतल्या पोरांच्या नावावर व्हावं म्हणून मी स्वतःच्या सहीने अर्ज दिला होता. "तुमचा काय संबंध?" असं साहेबांनी विचारलं, तेव्हा या वेळी उत्तर दिलं, "धरण सुस्थितीत असल्याचं पत्र मी टाइप केलं होतं." वस्तीत एक खोली सोनूबाईंसाठी बांधलेली आहे. गिरणीतून सुटल्यावर त्या तिथे राहणार होत्या. खोली रिकामी आहे, पण शेजारणी पाळीपाळीने ती झाडतात, लिंपतात. सोनूबाई गेल्यानंतर दुसरी नोटीस आली, मेलेल्या बाईच्या नावाने. तलाठ्याच्या माणसाने ती दाराशेजारी भिंतीला चिकटवली होती. मला दिसेना, म्हणून मी विचारलं, "कुठे आहे?"

एका म्हातारीने शेणमातीने भरलेला हात वर केला आणि भिंतीवरचा चौकोनी उंचवटा दाखवला. "लिंपताना मधी आली," ती म्हणाली, आणि त्यावरून आणखी एक हात फिरवला.