पडद्यामागची डाळ

“बघितलं का तुमी? न्हाई ना? मग गप बसा.” कुणी ऐकीव गोष्ट सांगायला लागलं की एवढं म्हणून ती सुपातली डाळ वर उडवायची आणि झेलायची. बोलणाऱ्याचा विषय तिच्यापुरता तिथंच संपायचा.

ती आमच्या ऑर्केस्ट्राची गायिका. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. परभणीहून टेम्पोत बसून ताडकळस, सेलू, जिथं बोलावतील तिथं जायचो. निवेदन माझं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. विद्यापीठाच्या नावाचा वाद पेटलेला असतानाच मी बी.ए. झाले, आणि मराठी स्वच्छ आहे म्हणून मालकांनी माइक माझ्या हातात दिला. आक्का मला नावानं कधी हाक मारत नसे. “ए बीए, हिकडं ये. तुझे डोळे चांगलेत, खडे दिसतेत का बघ.”

कार्यक्रम संपला की आम्ही तिथंच चूल मांडून वरण-भाकरी खायचो. डाळ निवडायचं काम आक्कानं मागून घेतलेलं. दोन गाण्यांच्या मधे ती मागच्या पडद्याआड मांडी घालून सूप घ्यायची. “हात रिकामा ऱ्हायला की छाती धडधडती,” म्हणायची. मी तिचं नाव पुकारून आत आले की सूप माझ्या मांडीवर, साडीवरचा कोंडा झटकला आणि बाई स्टेजवर. मैदान शिट्ट्यांनी दणाणायचं. परत आली की आधी सुपात बघायची. “बीए, तू खडे ठिवलीस आन् डाळ टाकलीस गं!”

पडद्यामागं काय चालतं हे जाणून घ्यायची लोकांना भारी हौस. तुम्हालाही असेल, खोटं कशाला बोला. आमच्या कोंगोवाल्याला ही हौस बरोबर कळली होती. गावात टेम्पो थांबला की तो हॉटेल गाठायचा आणि चहाच्या बदल्यात कहाण्या वाटायचा. आक्का बाटली रिचवल्याशिवाय तोंड उघडत नाही. तिनं एका पाटलाच्या पोराला चपलेनं बदडलं. एक ठेकेदार तिच्यापायी घरदार सोडून आमच्या टेम्पोमागं फिरतो. लोक चहा पाजायचे, वरून भजी. मालक ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, कारण कहाणी पोचली की तिकिटं खपायची.

मी एकदा भर टेम्पोत त्याला विचारलं, “कोणत्या गावात झालं हे?”

“म्याडम, आतल्या माणसाला असं इचारायचं नसतंय.”

“मीही आतलीच आहे.”

“तुमी माइकवाल्या. तुमाला काय कळतंय आतलं?”

टेम्पो हसला. मी हसले नाही. त्या वर्षांत आमच्या वस्तीनं पाहिलं होतं की गावात अफवा आधी पोचते आणि काड्यापेटी तिच्या मागून येते. ‘सगळेच म्हणतात’ एवढ्यावर मी कुणाचं काही खरं मानत नाही. तेव्हा नाही, आजही नाही.

मग वालूरच्या कार्यक्रमाची सुपारी आली. वालूर आक्काचं माहेर. तिची माय तिथं चार शेळ्या पाळून एकटी राहायची. आक्का आदल्या दिवशीच तिला भेटायला गेली आणि उभ्या उभ्या परत आली. मायनं दार उघडलं नव्हतं. आतूनच म्हणाली होती, “बाटली पिनारी लेक मला न्हाई.”

कोंगोवाला चुळबुळला. “आक्का, मजाक हुती ती.”

“मजाक हुती तर माझ्या मायला हसू का न्हाई आलं?”

वालूरला रात्री वीज टिकत नसे, म्हणून कार्यक्रम उन्हं उतरताच ठेवला होता. बाजाराचं मैदान भरलं. बायकांच्या घोळक्यात, सगळ्यात मागं, तोंडाला पदर लावून आक्काची माय उभी होती. मी आक्काला दाखवली. तिनं एकदाच बघितलं, उठली, आणि मागच्या पडद्याच्या गाठी सोडायला लागली.

मालक धावले. “अगं, पडदा कशाला काढायलीस? इज्जत जाईल आपली!”

“माझी गेली की हो, मालक. तवा न्हाई धावलात.”

गाठी घट्ट होत्या. तिनं एकेक सोडली. पडदा भाड्याचा होता, म्हणून नीट घडी घालून पेटीवर ठेवला. मग माझ्या हातातला माइक घेतला. “वालूरकर, तुमाला आमचं आतलं बघायचं हुतं ना? बघा.”

आणि वालूरनं बघितलं. बासरीवाला मिरचीशी शिळी भाकरी खात होता. मालकांचा केसांचा टोप बांबूच्या खुंटीला लटकत होता. साऱ्या कहाण्यांचा धनी कोंगोवाला पोट बिघडल्यामुळे गोधडीत बसून ओवा चघळत होता. आणि आक्का मांडी घालून डाळ निवडायला लागली.

“अन् बाटली कुठाय?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“तुमच्या हाटेलात. तिथंच उघडती रोज,” आक्का सुपातून मान वर न करता म्हणाली. आधी बायका हसल्या, मग मैदान हसलं.

वादक घाईघाईनं जागेवर बसले. मी माइक परत घेऊन आक्काचं नाव पुकारलं. ती सूप घेऊन उठली खरी, पण ते द्यायचं कुणाला? मी तर अजून माइकपाशीच. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वाट काढत तिची माय आली, स्टेजच्या फळ्या धरून वर चढली आणि तिनं लेकीच्या हातातलं सूप ओढून घेतलं.

“दे हिकडं. खडे तसेच ठिवायलीस. हेच शिकिवलं का म्या तुला?”

आक्का माइकपाशी आली. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसऱ्या ओळीला लागला. आणि माय साऱ्या गावाकडं तोंड करून, पडदा नसलेल्या जागी, कार्यक्रमभर डाळ निवडत बसली.

आता माय नाही, आक्काही नाही. परभणीच्या स्टेशनाबाहेर एका हॉटेलात मला कोंगोवाला दिसला. म्हातारा झालाय. भोवती माणसं, पुढ्यात फुकटचा चहा. आक्कानं वालूरला पडदा दातानं फाडला, पेटवून दिला आणि जळत्या पडद्यापुढं उभी राहून गायली, असं सांगत होता.

“बघितलं का तुमी?” मी मागून विचारलं.

तो दचकला. मग ओळखून हसला. “बघितलं का म्हंजे? म्या तिथंच हुतो, म्याडम!”

“मग त्या दिवशी डाळ कुणी निवडली, ते सांगा.”

त्यानं कप खाली ठेवला. खरंच आठवायला लागला बिचारा.

“कंची डाळ?” म्हणाला.