वहिनी, तुमच्याच भल्यासाठी

नोकरी गेल्याचं मला मराठीत सांगण्यात आलं. दोह्यातल्या ऑफिसात मराठी बोलायचा प्रसंग एरवी येत नाही, हिंदीवर नाहीतर इंग्रजीवर भागतं. पण आमचे मॅनेजर पुण्याचे, आणि त्या दुपारी त्यांनी फोन केला तो मुद्दाम मराठीतून. मुलगी मांडीवर दूध पीत होती. माझी बाळंतपणाची रजा अजून संपलेली नव्हती.

"वहिनी, आपल्यातल्या म्हणून आधी तुम्हाला सांगतोय," ते म्हणाले. "रिस्ट्रक्चरिंग चाललंय. तुमची पोस्ट राहत नाहीये. तुमच्याच भल्यासाठी आहे हो. एवढ्याशा बाळाला टाकून साइटवर कशाला मरायचं? आणि मिस्टर आहेत की कमवायला."

मी मेकॅनिकल इंजिनियर. द पर्ल या इथल्या बेटावरच्या काही टॉवरांची एसी यंत्रणा आमची कंपनी सांभाळते. पंप, पाइप, गळती आणि भर उन्हाळ्यात एसी बंद पडला की रहिवाशांच्या शिव्या, हे सगळं माझ्याकडे होतं. पोट दिसायला लागल्यावर याच गृहस्थांनी मला साइटवरून उचलून ऑफिसात बसवलं होतं. तेव्हाही 'काळजी'च होती. मी ती मागितली नव्हती.

पोस्ट राहत नाहीये म्हणाले ना? पुढच्याच आठवड्यात माझ्या एका टेक्निशियनचा मेसेज आला, "मॅडम, नये साहब आ गये." सोबत फोटो. पंपरूममध्ये एक तरुण हसत उभा, माझ्याच कामावर, त्याच हुद्द्यावर. पोस्ट जागच्या जागी होती. फक्त बाई नको होती.

मी नवऱ्याला फोटो दाखवला. तो गॅस कंपनीत आहे, आम्हा सगळ्यांचा व्हिसा त्याच्या नोकरीवर. त्याने तो मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "इथे भांडायचं नसतं गं. आपण पाहुणे आहोत."

"पाहुण्याकडून कुणी पंप दुरुस्त करून घेतं का?"

"तसं नाही. उद्या माझ्या कंपनीत कळलं तर?"

"कळू दे. बाळंत झाले म्हणून काढलं, हे कळायलाच हवं."

त्या रात्री तो जेवला नाही. मी जेवले. मला राग आला की भूक लागते.

बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढता येत नाही, असं इथला कायदा म्हणतो. इंटरनेटवर तो कोणालाही वाचता येतो. आमच्या मॅनेजरांनाही येत होता. मी कामगार मंत्रालयाकडे तक्रार नोंदवली, आणि मग दोन्ही बाजूंना समोरासमोर बोलावणं आलं.

नवऱ्याने रजा टाकून मुलीला सांभाळलं, वर मला गाडीने सोडलंही. तोंडाने नाही म्हणाला, पण आला. आत वाट बघताना शेजारी एक केनियाची बाई बसली होती, हॉटेलात रिसेप्शनवर काम करणारी. तिला समोरच्या काउंटरवरून काढून मागे चादरींच्या खोलीत पाठवलं होतं. "पाहुण्यांना वेगळा चेहरा आवडतो म्हणे," ती म्हणाली आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं. तिने माझी पर्स धरली, मी तिची फाइल, आणि आम्ही आळीपाळीने पाणी पिऊन आलो.

आत टेबलामागे एक कतारी अधिकारी बाई होती, काळ्या अबायात, चष्मा लावलेली. मॅनेजर आणि कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं करणारा माणूस, समोर बसले. मॅनेजर आता इंग्रजीत बोलत होते. 'वहिनी'ची 'धिस लेडी' झाली होती.

"आम्ही तिच्या तब्येतीचा विचार केला," ते म्हणाले.

"तिने तुम्हाला तो करायला सांगितलं होतं?" अधिकारी बाईने विचारलं.

"नाही, पण लहान बाळ..."

"मलाही मुलं आहेत. मी इथे बसलेय."

मी फोटो पुढे केला. मंदूब तो पाहून मॅनेजरांच्या कानात काहीतरी कुजबुजला. तरीही कंपनीने तडजोड नाकारली. तिथून प्रकरण कामगारांचे तंटे सोडवणाऱ्या समितीपुढे गेलं. तारखा पडत गेल्या, मुलगी पालथी पडायला लागली, रांगायला लागली. शेवटी निकाल माझ्या बाजूने लागला: काढणं बेकायदा, कामावर परत घ्या.

कंपनीने तरीही घेतलं नाही. आज या, उद्या या, इन्शाल्ला बघू. मी पुन्हा मंत्रालयात गेले. त्यानंतर त्यांचे निरीक्षक थेट ऑफिसात धडकले आणि आणखी कोणत्या बायका अशा गेल्या, ते विचारू लागले. तेव्हा कुठे एचआरचा फोन आला. आवाज मधासारखा गोड. निरीक्षकांना एक फिलिपिनो मुलगीही सापडली. तिलाही मूल झाल्यावर घरी पाठवलं होतं आणि ती न बोलता मनिलाला निघून गेली होती. तिच्यासाठी आता कोण काय करणार होतं?

या सगळ्यात मला जास्त चीड आली ती आपल्या लोकांची. ज्यांच्या घरी गणपतीत मी मोदक वळले, त्यांनीच मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून काढलं. एक काकू फोनवर म्हणाल्या, "आपल्या माणसाला असं अरबांपुढे उभं करायचं? घरातलं घरात मिटवायचं असतं." मी विचारलं, "काकू, मला काढलं तेव्हा हे घर कुठे होतं?" त्यांना अचानक कुकरची शिट्टी ऐकू आली.

मी आता पुन्हा साइटवर आहे. टेक्निशियन खूश झाले, तो नवा तरुण दुसऱ्या टॉवरवर गेला, त्याच्याशी माझं भांडण नाही. मॅनेजरांना कंपनीने दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवलं. हुद्दा तोच, केबिनही तशीच.

मागच्या महिन्यात अल थुमामाच्या सुपरमार्केटात ते समोर आले. मुलगी माझ्या ट्रॉलीत बसली होती. ते तिच्या गालाला हात लावायला वाकले, मी ट्रॉली मागे ओढली.

"झालं ते झालं, वहिनी," ते हसून म्हणाले. "आता राग नाही ना?"

"आहे," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. ते हसतच राहिले. मी हसले नाही, वाटेतून बाजूलाही झाले नाही. शेवटी त्यांनीच ट्रॉली वळवली आणि दुसऱ्या रांगेने गेले.