वर्षालीची काळी पूड

वर्षाली अमरावतीत रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म, सच्छिद्र कण ती बनवायची; दिसायला नुसती काळी पूड. छिद्रांत कॅन्सरचं औषध भरायचं, बाहेरून चुंबक धरून कण गाठीपाशी थांबवायचे आणि औषध तिथंच हळूहळू सुटू द्यायचं, असा तो खटाटोप. वडील भगवंत यांचा बार्शीटाकळीला भाजीचा मळा. बाजारात वांगी उतरवताना ते कौतुकानं सांगत, "पोरगी असं औषध करून राह्यली का बाकी अंगाले धक्काच नाही."

मग त्यांच्याच यकृतात गाठ निघाली. अकोल्यात केमो सुरू झाली. दुसऱ्या खेपेनंतर तोंड आतून सोललं, पाणीही गिळवेना. वर्षाली भेटायला आली तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवलं.

"तुह्याजवळचं ते मले देऊन पाय ना."

"बाबा, ते अजून उंदरालेही दिलं नाही आमी."

"मग मलेच उंदीर समज. मी कोणाले सांगतो?"

तिनं समजावून पाहिलं. औषध छिद्रांत टिकतच नाही, गाठीपर्यंत पोचायच्या आधीच गळून जातं. कण एकमेकांना चिकटतात, एखादी रक्तवाहिनीच बुजायची. भगवंत ऐकत होते की नाही, कळेना.

"म्हणजे तू नाहीच म्हनतं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. पुन्हा त्यांनी तिच्या कामाची गोष्ट काढली नाही. पोळ्याच्या आधीच ते गेले.

तेरवीची माणसं पांगल्यावर आई, माणिकबाई, म्हणाली, "बाप मांगत होता. देऊन पायलं असतं तं काय झालं असतं? मरूनच राह्यला होता."

"फायदा झाला नसता, आई. उलट हाल वाढले असते."

"ते तुले माहीत होतं. त्याले नोतं. त्याले वाटलं, पोरीनं हात आखडला."

बापाला तसं वाटलं असेल, हे वर्षालीच्या मनात आलंच नव्हतं.

ती अमरावतीला परतली. कणांवर वेगळा थर चढवून पाहिला, मग आणखी एक. औषध गळतच राहिलं. मार्गदर्शक म्हणाले, विषय बदल. ती नाही म्हणाली. कारण मात्र तिलाही सांगता आलं नाही. आईचा फोन आला तर मळ्यातल्या मोटारीबद्दल, भावाच्या, शेखरच्या, लग्नाबद्दल. बाकी काही नाही.

वर्षश्राद्धाला बाळापूरहून नात्यातल्या मनकर्णाबाई आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यालाही गाठ होती. जेवता जेवता त्यांनी हळूच विचारलं, "माणिकबाई, तुमची पोरगी त्याचं औषध करते म्हनतेत. मिळन का थोडं?"

वाढता वाढता वर्षाली थांबली.

"नाही," माणिकबाई म्हणाली. "अजून झालं नाही तिचं. झालं असतं तं घरात दिलं नसतं का?"

मनकर्णाबाईंनी मान हलवली आणि ताटातला भात चिवडत बसल्या. वर्षाली वरणाचं भांडं घेऊन पुढच्या पंगतीकडे गेली. आईनं तिच्याकडे पाहिलं नव्हतं.