चांदी, पारा आणि फरकसर

शाळेने त्यांना रसायनशास्त्राचे सर म्हणून नेमलं होतं, पण मुलांनी त्यांचे फरकसर करून टाकले आणि त्यात मुलांची काही चूक नव्हती. सरांचा अख्ख्या रसायनशास्त्रात एकाच प्रश्नावर जीव होता: चांदी आणि पारा यांच्या भौतिक व रासायनिक गुणधर्मांतील फरक स्पष्ट करा. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे चांदी, उजवीकडे पारा. चांदी घन, पारा द्रव. चांदीला वितळायला नऊशे एकसष्ट अंश लागतात, पारा शून्याखाली एकोणचाळीसलाच वितळून मोकळा. चांदीची घनता साडेदहा, पाऱ्याची साडेतेराहून जास्त, म्हणून चांदीचं नाणं पाऱ्यावर लाकडाच्या ढलपीसारखं तरंगतं. वीज आणि उष्णता वाहून नेण्यात चांदी सगळ्या धातूंत पहिली, पारा त्या मानाने कामचुकार. गंधकयुक्त हवेने चांदी काळी पडते, तर पारा हवेत तापवला की त्याची लाल पूड होते. मग खाली आडवी रेघ मारून साम्य: दोन्ही धातू, दोन्ही चकाकणारे, दोन्ही नायट्रिक आम्लात विरघळणारे, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि दोन्हींना चुंबक आकर्षित करत नाही.

हे उत्तर ज्याला पाठ तो हुशार. ज्याला पाठ नाही तो बाकावर उभा.

पाऱ्यावर तरंगणारं नाणं सरांनी स्वतः मात्र कधी पाहिलं नव्हतं. शाळेला प्रयोगशाळा होती, तिला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली सरांच्याच खिशात असे. प्रयोग केल्याने मुलांचा गोंधळ उडतो, असं त्यांचं ठाम मत होतं. काचेच्या नळीत काय होईल ते नळी सांगेल तसं होतं, उत्तर मात्र दर वर्षी तेच राहतं.

निवृत्तीनंतर फळा गेला, पण रेघ काही सुटली नाही. मुलीसाठी स्थळं आली तेव्हा सरांनी दोन मुलांचे गुणधर्म समोरासमोर मांडले होते आणि एकाच्या खाली "चकाकी: मध्यम" असा शेरा दिला होता. मुलीने त्यातल्याच मध्यम चकाकीच्या मुलाशी लग्न केलं आणि ती सुखात आहे.

सरांच्या बायकोला शेजारीपाजारी वहिनी म्हणत. आपणही वहिनीच म्हणू, कारण सर त्यांना "अगं" याखेरीज काही म्हणत नसत. वहिनींच्या मालकीची म्हणावी अशी एकच वस्तू त्या घरात होती, एक चांदीची वाटी. त्यांच्या आईने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले आणि त्यातून साठवून लेकीला लग्नात ती दिली. वाटी पातळ होती, नक्षी नव्हती. सासूबाईंनी ती पहिल्याच दिवशी तळहातावर झेलून "हलकीच वाटते गं" म्हटलं. पुढे वाटी वर्षा-सहा महिन्यांनी काळवंडायची, तेव्हा सासूबाई आल्यागेल्यासमोर सांगायच्या, "भेसळ असली की असंच व्हायचं. शिवणाऱ्या बाईला कुठली खरी चांदी परवडते?" सर शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत बसलेले असायचे. चांदी काळी पडते हे ज्या माणसाने हजारो मुलांकडून घोकून घेतलं, त्याने त्या खुर्चीतून एकदाही तोंड उघडलं नाही. वहिनी राखेने वाटी घासायच्या आणि पुन्हा फडताळात ठेवायच्या.

सासूबाई गेल्या. वहिनींना नात झाली. आता ही वाटी लेकीला द्यायची, तिच्या लेकीने तीतून जेवायचं, असं वहिनींनी मनाशी पक्कं केलं होतं. लेक चार दिवस माहेरी आली तशी वहिनींनी वाटी काढली, लखलखीत घासली आणि जेवणाच्या टेबलावर पालथी घातली.

त्याच टेबलावर त्याच दुपारी सर आपला रक्तदाब मोजत बसले होते. जावयाने बॅटरीवर चालणारं यंत्र आणून दिलं होतं, पण सरांना आकडे दाखवणाऱ्या वस्तूंचा संशय. त्यांचं जुनं पाऱ्याचं यंत्र होतं, लांबट पेटीचं, आत काचेची नळी. "पारा खोटं बोलत नाही," असं म्हणत त्यांनी पंप दाबला, पट्ट्यात अडकलेला हात काढताना पेटीला धक्का बसला, पेटी फरशीवर आपटली आणि नळी फुटली. खोटं न बोलणारा पारा टेबलाच्या पायांशी शंभर थेंब होऊन पळाला.

सरांना भीती वाटली असेल म्हणाल, तर छे! त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. इतकी वर्षं ज्याच्यावर बोललो तो एवढा सगळा पारा पहिल्यांदाच समोर आला होता. जाड कागदाने थेंब ढकलत, गोळा करत ते गुडघ्यांवर घरभर फिरले. आता ठेवायचा कशात? स्टीलचा डबा त्यांनी नाकारला. पोलाद म्हणजे शेवटी लोखंड, आणि लोखंडाचा स्वभाव भांडकुदळ. काच फुटते, ते नुकतंच सिद्ध झालं होतं. चांदी राजधातू, शांत, कुणाशी वाकडं न घेणारी. पाराही तसाच. आपल्याच उत्तरात तसं लिहिलं आहे! सरांनी वाटी सुलटी केली, पारा तीत ओतला, वर ताटली झाकली, वाटी कपाटावर ठेवली आणि चहा मागितला. वहिनी तेव्हा लेकीबरोबर बाजारात गेल्या होत्या. परतल्यावर त्यांनी वाटीचं विचारलं, तर सर म्हणाले, "जपून ठेवलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली निघाली ती लेकीच्या हातून. तिची हाक ऐकून वहिनी धावत आल्या.

वाटीत पारा होता आणि पारा वाटीत शिरला होता. आतली चकाकी गेली होती. तिच्या जागी राखाडी, लिबलिबीत साका धरला होता, बोट लावलं तर निघून येईल असा. लेकीने सगळ्या खिडक्या उघडल्या, ओढणी नाकाला लावली, हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या आणि पारा रुंद तोंडाच्या जाड बरणीत ओतला. ओतताना वाटीची कड तिच्या अंगठ्याखाली मोडली. मोडली म्हणजे अगदी बिस्किटासारखी.

वहिनी तो तुकडा नुसत्या बघत राहिल्या.

"काही बिघडलेलं नाही," सर म्हणाले. "पारा तीनशे सत्तावन्नला उकळतो, चांदी नऊशे एकसष्टला वितळते. वाटी गॅसवर ठेवायची. पारा उडून जाईल, चांदी खाली राहील. साधा फरक आहे."

"बाबा, पारा उडून जाईल तो कुठं जाईल?" लेकीने विचारलं. "तुमच्या नाकात, आईच्या नाकात आणि आत पाळण्यात झोपलीय तिच्या नाकात. विष असतं ते. गॅसला हात लावायचा नाही, सांगून ठेवते." तिने फोन सरांपुढे धरला. "हे वाचा. चांदी पाऱ्यात मिसळते. सोनं मिसळतं, चांदी मिसळते, लोखंड तेवढं मिसळत नाही. डब्यात ठेवला असतात तर काहीही झालं नसतं."

सरांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोबाईलवर वाट्टेल ते लिहितात. माझ्या उत्तरात असं कुठं आहे?"

ते खरंच नव्हतं. उत्तरात चांदी आणि पारा यांच्यामध्ये रेघ होती, त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

मग सरांनी चष्मा काढून पुसला. हा चष्मा पुसला गेला की कुणाचा तरी बळी जाणार, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक असायचं. "उघड आहे," ते म्हणाले. "वाटी शुद्ध चांदीची नव्हती. शुद्ध चांदी असती तर असं झालंच नसतं. आई म्हणायची ते खोटं नव्हतं तर."

लेक म्हणाली, "बाबा!" पण वहिनींनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

"माझ्या आईनं मला खोटी वाटी दिली, असं म्हणताय?"

"तिला दुकानदारानं फसवलं असेल. अडाणी माणसाला..."

"सिद्ध करा," वहिनी म्हणाल्या.

सरांना हे आव्हान फारच आवडलं. ते तरातरा बैठकीत गेले आणि भिंतीवरची काचेची चौकट उतरवून घेऊन आले. आत मखमलीवर रौप्यपदक. निवृत्तीच्या दिवशी शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांनी टाळ्यांच्या गजरात ते सरांच्या गळ्यात घातलं होतं, "आदर्श शिक्षक" अशी अक्षरं त्यावर कोरलेली होती. "ही खरी चांदी," सर म्हणाले. "अकरा वर्षं झाली, एक डाग नाही. काळं म्हणून कधी पडलं नाही!" लेकीच्या कपाळाला आठी पडली. सरांनी पदक ताटलीत ठेवलं आणि तिचा विरोध न जुमानता बरणीतला पाऱ्याचा एक टपोरा थेंब त्यावर सोडला.

थेंब "आदर्श" वरून घरंगळला, "शिक्षक" वर क्षणभर डोलला आणि टुण्‌कन ताटलीत उतरला. पदकावर ओरखडासुद्धा नाही. सरांनी ते तिरकं करून पुन्हा पुन्हा थेंब खेळवला, पुसलं, चमकवलं.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "खरी चांदी अशी असते. पाऱ्याला दाद देत नाही." आयुष्यातला पहिला प्रयोग सरांनी केला होता आणि तो यशस्वी झाला होता. त्यांची छाती इतकी फुगली की बनियनची शिवण उसवायची तेवढी राहिली.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं जे त्यांनी मानायला नकार दिला, ते आता समोर ताटलीत चमकत होतं. त्या खुर्चीत बसल्या.

लेक मात्र फ्रिजपाशी गेली. फ्रिजच्या दारावर धोब्याची पावती अडकवायला टोमॅटोच्या आकाराचं एक चुंबक होतं. पावती खाली पडू देत तिने ते काढलं. "बाबा, नववीत तुम्ही मला याच उत्तरासाठी दोनदा बाकावर उभं केलंत. म्हणून ते अजून पाठ आहे. साम्य, शेवटचा मुद्दा: दोन्हींना चुंबक..."

"आकर्षित करत नाही," सर सवयीने म्हणाले.

टोमॅटो अजून वीतभर वर होता, तिने तो खाली आणला. पदक ताटलीतून टक्कन उडालं आणि त्याला जाऊन चिकटलं. लेकीने टोमॅटो उचलला, हलवला. आदर्श शिक्षक खाली लोंबकळत राहिले. मग तिने मोडका तुकडा चिमटीत धरून चुंबक त्याच्याभोवती फिरवलं. तुकडा ढिम्म हलला नाही.

पदक म्हणजे वरून निकेल चोपडलेलं लोखंड होतं. लोखंडाला पाऱ्याचं काय, आणि काळं पडायचं तरी काय! सरांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून गुणधर्म बाहेर येत नव्हते. मला विचाराल तर त्यांची कीव करायला हरकत नव्हती. पण त्या सकाळी तरी ती कुणी केली नाही.

"अध्यक्षांनी... पुरवठादाराने कदाचित..." सर म्हणाले.

"पदकाचं तुम्ही आणि अध्यक्ष बघा," वहिनी म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. "माझ्या आईचं बोला."

"म्हणजे, एकंदर निरीक्षणावरून असा निष्कर्ष निघू शकतो की सदर वाटी..."

"सदर वाटी नाही. माझी आई. सासूबाईंसमोर तुम्ही बोलला नाहीत. आता लेकीसमोर बोला."

सरांनी लेकीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. सुटका कुठेच नव्हती. "खरी होती," ते म्हणाले. "तुझ्या आईची चांदी खरी होती."

"काळी का पडायची?"

"खरी होती म्हणून."

वहिनींनी मान डोलावली. ज्यासाठी एवढी वर्षं थांबल्या होत्या ते मिळालं होतं, आणि आता त्या हसतील असं लेकीला वाटलं. वहिनींनी हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून वाटीचा तुकडा उचलला, उरलेल्या वाटीसकट बरणीत सोडला आणि झाकण घट्ट फिरवलं. मग तिथेच, ओट्याला टेकून, त्या रडायला लागल्या. लेक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आईनं जरा खोटी घेतली असती ना," वहिनी म्हणाल्या, "तर आज तुझ्या पोरीला जेवायला राहिली असती गं."