आठव्या-नवव्या पानावरच्या वहिनी

आमच्या भूतमंडळात वहिनी कधी बसल्या नाहीत. मंडळाचं हे नाव माझ्या सुनेने ठेवलेलं. दर रविवारी दुपारी मी चपला घातल्या की ती म्हणायची, "चालल्या आई भुतं मोजायला!" म्हणू दे. पस्तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट म्हणून मी जिवंत माणसांच्या जबान्या टाइप केल्या. त्यापेक्षा भुतं परवडली.

मंडळ म्हणजे चारच डोकी. बाइंडरभाऊ, ज्यांच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही चारला जमायचो. घड्याळजी, यांना यंत्रं, परग्रह, काळात मागेपुढे जाणं असल्या विज्ञानकथांचं वेड. कंपाउंडर, यांना भुताशिवाय घास उतरत नाही. आणि मी, दोघांच्याही गोष्टींत खोट काढायला. जुन्या मासिकांतल्या असल्या गोष्टी भाऊंनी हौसेने जमवून त्यांचे खंड बांधले होते, चांगले दीडशेच्या घरात. आमचा नियम एकच. गोष्ट तोंडी सांगायची, शेवटाच्या अलीकडे थांबायचं, प्रत्येकाने आपापला शेवट मांडायचा आणि मगच भाऊंनी खंड उघडून खरा शेवट वाचायचा. त्यावरून आम्ही असे कडाकडा भांडायचो की गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवायला कचरायचं.

वहिनी म्हणजे भाऊंची बायको. आम्ही हमरीतुमरीवर आलेलो असताना त्या खिडकीपाशी बसून पुस्तकं शिवत असायच्या. छापलेला मोठा कागद दुमडला की सोळा पानांची घडी होते. ती मधोमध उघडायची, म्हणजे आठव्या आणि नवव्या पानाच्या मध्ये, आणि तिथून सुई घालायची. मग पुढची घडी, तीही मधोमध. चाळीस वर्षं वहिनींनी हेच केलं. सुई घालता घालता समोर पडलेली दोन पानं वाचायच्या, तेवढंच त्यांचं वाचन. एकदा मी म्हटलं, "वहिनी, एखादी तरी गोष्ट पुरी वाचावीशी वाटत नाही का हो?" तर मेणातून दोरा ओढत म्हणाल्या, "सुरुवात आणि शेवट तुमचं तुम्हांला लखलाभ. मला मधलं पुरतं."

पुढे त्या वाक्याची आठवण झाली की माझ्या अंगावर काटा यायचा.

तीन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजारणीचं नाव, मग पेटता गॅस. डॉक्टर म्हणाले होते तसंच सगळं होत गेलं, म्हणजे वाईटच. पण एक गोष्ट डॉक्टर बोलले नव्हते. विसरलेल्या जागा रिकाम्या राहिल्या नाहीत. तिथे ती आठवी-नववी पानं येऊन बसली.

एका रविवारी आम्ही पोचलो तर भाऊ जिन्याच्या तळाशी डोकं धरून बसलेले. दुकानाच्या वरच त्यांची राहायची खोली. वहिनी दोन दिवस खाली उतरल्याच नव्हत्या. वरून आवाज आला, "येऊ नका कुणी! काल सतरा पायऱ्या होत्या, आज अठरा आहेत. वाढलेली कुठली ते कळल्याशिवाय पाय ठेवाल तर जाल." आवाजात वेड नव्हतं हो. साप निघालाय म्हणून सावध करणाऱ्या शहाण्या बाईचा तो आवाज होता. मी मनातल्या मनात पायऱ्या मोजल्या. आणि आता लपवू कशाला, परत एकदा मोजल्या.

"अहो, थांबा थांबा!" कंपाउंडर ओरडले. "ही तर आपली गोष्ट! रोज एक पायरी वाढणारा जिना! हिरव्या कापडाचा खंड काढा!"

भाऊ खंड घेऊन अर्धा जिना चढले आणि शेवटचं पान मोठ्याने वाचू लागले. त्या गोष्टीतला पहारेकरी शेवटी मोजणं सोडतो, डोळे मिटून उतरतो, आणि पायरी आली तशी निघून जाते.  मग वहिनी म्हणाल्या, "असं होय? मग मिटते डोळे." भिंतीला हात लावत, डोळे गच्च मिटून त्या खाली आल्या, डोळे उघडले आणि आम्हांला विचारलं, "चहा झाला का तुमचा?"

तेव्हापासून मंडळाला कामच लागलं. वहिनी कुठल्या ना कुठल्या गोष्टीच्या मध्यावर अडकायच्या. आम्ही चौघं डोकं लावून गोष्ट ओळखायची, शेवट वाचून दाखवायचा, की त्या सुटायच्या. एकदा रेडिओवर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला, उद्याच्या गोष्टी सांगणारा. घड्याळजींनी दहा मिनिटांत खंड शोधला. एकदा विहिरीतून कुणीतरी त्यांना लाडाच्या नावाने हाका मारत होतं. त्या गोष्टीच्या शेवटी सगळं घरच विहिरीत जातं, म्हणून भाऊ वाचायला धजेनात. मीच वाचलं. वहिनींनी ऐकून घेतलं, "सुटले बिचारे" म्हणाल्या आणि वाटाणे सोलायला बसल्या. शेवट भयंकर असला तरी चालायचा. नुसता शेवट असावा लागायचा. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले, म्हणाले, याला काही औषध म्हणत नाहीत. कंपाउंडर म्हणाले, "औषध कोण म्हणतंय? हा उतारा आहे!"

हसलो आम्ही. खरं सांगते, फुशारलोही होतो. इतकी वर्षं लोक रिकामटेकडे म्हणायचे, आता आमच्या वाचनाचा कुणाला तरी उपयोग होता.

मग या वर्षी थंडीत एक दिवस वहिनींनी मला खिडकीपाशी बोलावलं. भाऊ पुढे दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होते. वहिनी माझ्या कानाशी लागल्या. "हळू बोला. घरात एक माणूस राहतोय. यांचा शर्ट घालतो. यांच्यासारखाच खोकतो. किल्ल्या कुठे असतात तेही त्याला ठाऊक आहे. पण हे नाहीत ते."

"मग भाऊ कुठे गेले?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "मी विचारत नाही. आपल्याला कळलंय हे त्याला कळलं तर?"

मी घाबरून दुकानाकडे बघितलं. आणि लाज वाटते सांगायला, पुढच्याच क्षणी मला आनंद झाला. काय गोष्ट होती! नवी कोरी, आमच्यापैकी कुणीच न सांगितलेली. मी धावत जाऊन मंडळाला सांगितलं. घड्याळजी म्हणाले, हा परग्रहावरचा जीव, माणसाचं रूप घेतलेला. कंपाउंडर म्हणाले, छे, नवरा मेलाय आणि त्याला ते ठाऊक नाही. मी म्हटलं, दोघांचंही चूक, बाईच मेलेली आहे. टेबलावर मुठी आपटेपर्यंत वाद झाला. भाऊ एवढंच बोलले, "गोष्ट चांगली आहे. सापडायला हवी."

सापडेना. तीन रविवार आम्ही खंड उपसले. भाऊ रोज वहिनींकडून थोडं थोडं काढून घ्यायचे आणि वहीत लिहायचे. त्या माणसाच्या डाव्या अंगठ्यावर कापल्याची खूण आहे. त्याच्या बोटांना खळीचा वास येतो. जेवताना तो आपल्याकडे बघतो आणि डोळे पुसतो. आम्ही ती वही समोर ठेवून पानं उलटत होतो.

इकडे वहिनींनी भाऊंच्या हातचं खाणं बंद केलं. मी डबा नेला की चार घास खायच्या, एरवी पाणीसुद्धा त्याच्या हातचं नको. उशीखाली कागद कापायची कात्री ठेवायला लागल्या. लेक धावत आली, बघितलं, रडली, आणि एका संस्थेत जागा ठरवून गेली. एक तारखेला आईला नेणार. ती तरी काय करेल? उपाशी बाईला घरात कसं ठेवायचं? भाऊ तिला म्हणाले, "एक तारखेपर्यंत थांब. शेवट सापडला तर खाईल ती."

पंचवीस तारखेच्या रविवारी आम्ही शेवटच्या कपाटापाशी आलो. भाऊ एकेक खंड काढून माझ्या हातात देत होते. मोठा जाड खंड देताना त्यांचा अंगठा माझ्या नाकासमोर आला. डावा. कटरने कापल्याची जुनी खूण. बोटांना खळीचा वास.

तीन आठवडे! दीडशे खंड वाचलेले आम्ही दीडशहाणे तीन आठवडे त्या माणसाला पुस्तकात शोधत होतो, आणि तो आम्हांला पुस्तकं काढून देत होता.

"भाऊ," मी म्हटलं आणि त्या अंगठ्याकडे बोट दाखवलं.

भाऊंनी खंड परत कपाटात ठेवला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, ताई."

"मग बोलला का नाहीत हो?" मी चिडलेच. चिडले नसते तर रडले असते.

"तुम्ही सगळे इतक्या खात्रीने शोधत होतात. म्हटलं, असेलही एखादी गोष्ट. मिळेलही शेवट."

 खिडकीपाशी वहिनी कोऱ्या कागदाची घडी उघडून नुसतीच सुई फिरवत होत्या. शेवटी घड्याळजी खाकरले. "गोष्ट नसेल तर करू. मंडळ कशाला आहे? नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपला शेवट सांगा."

इतक्या वर्षांत आम्ही इतक्या हळू आवाजात कधी भांडलो नव्हतो. कंपाउंडर म्हणाले, खरा मेला असं लिहा. मी म्हटलं, वा, म्हणजे बाई एकीकडे घाबरणार आणि दुसरीकडे रडणार. घड्याळजी म्हणाले, हा खोटा नाहीच, खराच आहे असं सिद्ध करा. भाऊ म्हणाले, "ते मी रोज करतो." मग माझंच डोकं चाललं. खरा लांबच्या कामावर गेलाय. जाताना त्यानेच या माणसाला घरात ठेवलंय, बायकोला जपायला. तो परत येईपर्यंत हा राहील.

"आणि तो आला की?" भाऊंनी विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू," मी फटकारलं. "आधी तिला जेवू तर द्या!"

घरी जाऊन मी जुनं मशीन काढलं आणि टाइप केलं. भाऊंनी सांगितलेलं एकच वाक्य जसंच्या तसं घातलं: 'तिच्या चहात साखर कमी, पायावर पांघरूण जास्त, आणि दोऱ्याला मेण तिचं तिलाच लावू दे.' भाऊंनी सोळा पानांची घडी केली, आणि शेवट शेवटच्या पानावर नाही, आठव्या-नवव्या पानावर आणला. वहिनींचे हात दुसरीकडे उघडणारच नाहीत, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

घडी खिडकीपाशी ठेवून भाऊ दारात उभे राहिले. आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून. वहिनींनी घडी उचलली, मधोमध उघडली, सुई टोचायच्या आधी वाचली. परत वाचली. मग मान वर करून भाऊंकडे बघितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"तुम्हांला यांनी पाठवलंय होय?"

"हो," भाऊ म्हणाले.

"मग आल्याआल्या सांगायचं नाही का? जीव नुसता टांगणीला!" वहिनींनी सुई खाली ठेवली. "राहा. पण यांच्या खुर्चीवर बसू नका. त्यांना आवडायचं नाही."

त्या दिवशी त्या भाऊंच्या हातचं जेवल्या. एक तारखेला लेक आली आणि एकटीच परत गेली.

याला आता आठ महिने झाले. वहिनी घरीच आहेत. त्या पाहुण्याशी छान वागतात, त्याला दुसऱ्यांदा वाढतात, कात्री परत दुकानात आली. भाऊ स्टुलावर बसतात. खुर्ची रिकामी असते आणि वहिनी तिच्यासमोर रोज एक कप ठेवतात. आम्हीही आता तिला वळसा घालून जातो. कंपाउंडर तर परवा चुकून तिला धक्का लागला तेव्हा "सॉरी" म्हणाले, आणि कुणी हसलं नाही.

गेल्या रविवारी मी जरा लवकर पोचले. दार वाजवलं. आतून वहिनींचा हरखलेला आवाज आला, "आले वाटतं!" पण दार काही उघडेना. परत वाजवलं. बऱ्याच वेळाने फट पडली आणि फटीतून भाऊंचा चेहरा दिसला, पांढराफटक.

"अहो, मी आहे!" मी खेकसले. "भूत बघितल्यासारखे काय बघताय?"

भाऊंनी श्वास सोडला, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. "ताई, हसू नका. हल्ली दार वाजलं की वाटतं, तो आला. आता मला निघावं लागणार."

प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी मी. पण तो येईपर्यंत हा राहील, हे मीच टाइप केलं होतं.