दाजींच्या गाडीचा दुसरा मेंदू

बोनेटवर तळहात ठेवून गाडीला ताप आहे की नाही हे सांगणारा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमचे दाजी धारूरच्या डोंगरातली सीताफळं आपल्या व्हॅनमधून गावोगाव पोचवतात. ताईला ते 'ही' म्हणतात आणि व्हॅनला 'ती', त्यामुळे घरात शिरताच त्यांनी "ती जेवली का?" असं विचारलं, की चौकशी डिझेलची आहे हे आम्हाला कळतं. घाटाच्या मध्यावर ते तिला दम खाऊ देतात आणि मागून कुणी घाई केली तर त्यालाच दटावतात, "बाईमाणूस दमलंय, दिसंना का?" तिच्यादेखत दुसऱ्या गाडीचं कौतुक चालत नाही. मी एकदा माझ्या नव्या कारचं अ‍ॅव्हरेज सांगायला लागलो, तर दंडाला धरून मला पार गोठ्यामागं नेलं आणि हळूच म्हणाले, "हां, आता बोल. किती देती?"

पण दाजींचा खरा जीव होता तो हॉर्नमध्ये. पाच सुरांचा, लग्नाच्या बँडला लाजवणारा तो हॉर्न त्यांनी स्वतः वायरी ओढून बसवला होता. तलवाड्याच्या वेशीत तो वाजला की बाया टोपल्या घेऊन ओट्यावर यायच्या. तिथल्या एका म्हातारीला कानाशी ओरडलेलं ऐकू येत नसे, पण हा हॉर्न येई. "कानाचं मशीन हारलं, पर आपला हॉर्न जिकला!" हे वाक्य दाजींनी मला किमान शंभरदा ऐकवलं असेल.

आता जे सांगायचं ते तीन वर्षं माझ्या घशात अडकून होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. धन आणि ऋण ही टोकं फळ्यावर काढून दाखवण्यात माझी हयात गेली. त्या रविवारी सकाळी सीताफळांनी भरलेली व्हॅन दाजींच्या दारात उभी होती आणि बॅटरी उतरलेली. दाजी आंघोळीला गेलते. म्हटलं, आपल्या कारवरून करंट देऊ, ते येईपर्यंत गाडी चालू करून ठेवू. ऐटीत वायरी जोडल्या आणि उलट्या जोडल्या! ठिणगी उडाली, जळका वास आला. मी वायरी ओढून काढल्या, पुन्हा सुलट जोडल्या आणि इकडंतिकडं पाहिलं. कुणीही नव्हतं. बॅटरीत जीव येताच वायरी काढून माझ्या डिकीत दडवल्या.

दाजींनी येऊन चावी फिरवली. इंजिन गरगर फिरलं, पण पेट घेईना. एरवी चावी फिरवताच लागणारा समोरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवाही लागेना. वायरिंगवाले चाचा आले, सीटखाली डोकं घालून अर्धा तास बसले आणि म्हणाले, "ईसीएम गेला दाजी. गाडीचा कंप्यूटर. मेंदूच समजा."

"मेंदू?" दाजी मटकन पायरीवर बसले. "काल तर घाटात लई शहाण्यासारखी वागली वो!"

आणि मग जी धावपळ झाली म्हणता! सीताफळ झाडावरून उतरलं की कुणासाठी थांबत नाही. दाजी दर घटकेला क्रेटमध्ये अंगठा दाबून बातमी देत होते, "मऊ पडायलीत बे, मऊ पडायलीत!" चाचांना आठवलं, की नेकनूरला अशीच एक व्हॅन उलटून भंगारात पडली आहे. मी चाचांना कारमध्ये घातलं आणि सुसाट निघालो. अपराधी माणूस किती जोरात गाडी हाकतो ते मला त्या दिवशी कळलं. मालकाला विचारून चाचांनी पुस्तकाएवढा तो डबा काढला, मी तो तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेतला, येताना कार चाचांनी चालवली. डबा बसला. दाजींनी चावी फिरवली. गाडी सुरू! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. दोन सेकंदांत गाडी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. "आपण मेंदू आणला, चावी तिथंच राहिली. चावीत चिप असती. हा डबा त्याच्या जुन्या चावीलाच वळखतो."

"नांदायला आली, पर जीव माहेरी ठिवून," दाजी म्हणाले. त्याही वेळी!

पुन्हा नेकनूर. गाडी गेली तरी त्या मालकानं चावी देव्हाऱ्यात ठेवली होती. त्यानं ती कपाळाला लावून माझ्या हातात दिली. चाचांनी ती व्हॅनच्या चावी फिरवायच्या कुलपाशेजारी टेपनं घट्ट चिकटवली आणि व्हॅन अशी धडाडली, की ताई हातातल्या पिठासकट अंगणात आली. दाजींनी बोनेटला मिठीच मारली. निम्म्याहून जास्त माल वाचला.

निघता निघता चाचा बोलून गेले, "कुठून तरी उलटासुलटा करंट गेला आसंल." दाजींची नजर सावकाश हॉर्नकडं गेली. "वायरी मीच जोडल्याल्या," ते म्हणाले. "माज्याच हौसेनं तिचा मेंदू जाळला." पक्कड मागून त्यांनी स्वतःच्या हातानं हॉर्न कापून काढला. मी तोंड उघडलं होतं. समोर माझे दोन विद्यार्थी उभे होते. मी तोंड मिटलं.

तेव्हापासून दाजी तलवाड्यात शिरताना खिडकीतून मान काढून तोंडानंच हॉर्न वाजवायचे, पाचही सूर. लोक पोट धरून हसायचे. म्हातारीला मात्र ते ऐकू जात नसे. तिच्या दारात दाजी स्वतः टोपली नेऊन ठेवायचे. या हंगामात घाटातल्या एका वळणावर तसेच सूर काढताना त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेजारी मी बसलो होतो. व्हॅन दम खाते त्या जागी, दगडावर बसून, मी सगळं सांगून टाकलं.

ते उठले आणि बोनेटवर तळहात ठेवला. "कावून सांगितलं न्हाईस बे, मास्तर?" ते म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून उपरण्यात गुंडाळलेला हॉर्न काढला, दोन्ही वायरी माझ्यासमोर धरल्या. "लाल कुठली, काळी कुठली? आधी तोंडानं सांग. मंग हात लाव."

मी वर्गातल्या पोरासारखं उभं राहून सांगितलं.

हॉर्न वाजतो आता, पण पाचवा सूर काही उमटत नाही, नुसती हवा येते. माझी शाळा घाटाच्या तोंडाशी आहे. दाजींची व्हॅन उतरताना मी खडू खाली ठेवून ऐकतो. चार सूर हॉर्नचे, मग जरा थांबून पाचवा दाजींचा, किंचित दमलेला.